भिंतीवरचे बारा महिने

भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे आपण दिवसातून दहादा पाहतो. पण ती कशी तयार होते याचा विचार क्वचितच करतो. मीही केला नव्हता. घरासाठी एक देखणी दिनदर्शिका स्वतः छापावी असे मनात आले आणि हा अभ्यास सुरू झाला.

आपल्याकडे भिंतीवर रंगीत चित्र आले ते शिळाछापामुळे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, आणि त्यावर चित्र उलटे! देवघरात न मावणारे देव अशा रीतीने गरिबाच्याही भिंतीवर आले. पुढे रघुवीर मुळगावकरांसारख्या चित्रकारांनी कॅलेंडरचे चित्र घरोघरी नेले. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी 'कालनिर्णय' काढले, तेव्हा पंचांग आणि दिनदर्शिका एकाच खिळ्यावर टांगली गेली.

आता माझा प्रयोग. २० × ३० इंची कागद मधोमध कापला की १५ × २० इंचांची दोन पाने मिळतात. भंडाऱ्यात लग्नपत्रिका छापणाऱ्या एका ओळखीच्या काकांकडे जाळीछपाई शिकलो. चौकटीवर ताणलेल्या जाळीला प्रकाशाने घट्ट होणारा लेप देतात. चित्राच्या काळ्या भागाखालचा लेप मऊ राहतो व पाण्याने धुऊन जातो. तेथूनच शाई उतरते. रंग तीन, म्हणून जाळ्याही तीन. आधी फिका रंग, शेवटी गडद. कोपऱ्यातल्या खुणा जुळल्या नाहीत, तर मोराचा डोळा मानेवर येतो. माझ्या पहिल्या अकरा पानांवर तो तसाच आला!

वार आडवे मांडले तर घरांचे गणितही पाहावे लागते. २०२६ चा फेब्रुवारी रविवारी सुरू होतो, म्हणून चार ओळींत बरोबर बसतो. मे महिना शुक्रवारी आणि ऑगस्ट शनिवारी सुरू होतो, त्यांना सहा ओळी लागतात. चित्राला जागा हवी म्हणून मी घरेच काढून टाकली आणि सगळ्या तारखा तळाशी एका बारीक ओळीत बसवल्या.

करडीला घरी आणून मोठ्या हौसेने ती टांगली. आई बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "चित्र तं साजरं हाये, पन दुधाचा हिसाब कुठी लिहू?"

मी निरुत्तर झालो. आदल्या वर्षी दूध नेणाऱ्याने महिन्यात सात खाडे धरले होते. आईने खिळ्यावरची दिनदर्शिका काढून त्याच्यापुढे ठेवली. तिच्या फुल्या दोनच होत्या. पाच दिवसांचे पैसे तिला मिळाले ते त्या फुल्यांच्या जोरावर. आमच्या घरी तो कागद म्हणजे शोभा नव्हे, वही आहे. आणि ती वहीच मी सुंदर करण्याच्या नादात काढून घेतली होती.

दुसऱ्या खेपेस मोर वर एक-तृतीयांशात बसवला. खाली मोठी घरे ठेवली. आकडा कोपऱ्यात, बाकी घर कोरे. कागदही गुळगुळीत नको, पेन्सिल उठेल असा घेतला.

मित्रहो, घरासाठी काही सजवायचे तर त्या घरात ते कोण वापरते, हे आधी विचारावे. आज मोराखाली आईच्या फुल्या आहेत. माझ्या चित्रापेक्षा त्याच मला अधिक शोभिवंत वाटतात.