सुवासिक गुलाब : रंग विकावा की वास?

निकाहाचा सेहरा असो, मजारीवरची चादर असो की पानाच्या दुकानातला गुलकंद, गुलाबाशिवाय भागत नाही. परंतु पाचोऱ्याच्या बाजारात आज दिसणारा बराचसा गुलाब लांब दांडीचा, गडद रंगाचा व जवळजवळ वासाविना असतो. दूरचा प्रवास सोसणारे फूल निवडता निवडता सुगंध मागे पडला. म्हणून आज आपण वासाच्या गुलाबाचा विचार करू.

इंग्लंडमधील डेव्हिड ऑस्टिन यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. त्यांचा १९६१ चा 'कॉन्स्टन्स स्प्राय' सुवासिक होता, पण वर्षातून एकदाच फुले. जुन्या सुवासिक जातींचा नव्या, वारंवार फुलणाऱ्या जातींशी संकर करीत १९६९ पासून त्यांनी पुन्हा पुन्हा बहरणारी झुडपे बाजारात आणली. १९८६ चा गुलाबी 'गर्ट्रूड जेकिल' वासासाठी प्रसिद्ध आहे.

यातून आपण धडा घ्यावा तो असा : रोप घेताना रंग नंतर पाहावा; आधी वास किती व बहर किती वेळा, हे विचारावे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांपुढे जातो. तेव्हा विलायती रोपे एक-दोनच लावून पाहावीत व धंद्याचा भार देशी गुलाबावर ठेवावा.

काळ्या जमिनीत पाणी साचते. म्हणून गादीवाफा करून भरपूर कुजलेले शेणखत घालावे. दोन झुडपांत ३ ते ४ फूट अंतर, दुपारची सावली व बुडाशी पालापाचोळा ठेवावा. डोळा भरलेल्या जागेखालून येणारी खुंटाची फूट काढून टाकावी. पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात छाटणी केल्यास सुमारे ४५ ते ५० दिवसांत फुले येतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. हारासाठी फवारलेली फुले गुलकंदात कदापि घालू नयेत. पाकळी धुतल्याने सर्व विष जातेच असे नाही. गुलकंदाची झाडे वेगळी ठेवावीत व फूल सकाळी ऊन चढण्यापूर्वी तोडावे. वरून कोरडे पण आत भिजलेले धान्य विकणाऱ्याला आपल्या प्यारे नबी (स.) यांनी कसे टोकले, हे आपण लहानपणापासून ऐकतो. फवारलेल्या फुलाचा गुलकंद हाही तसाच माल आहे. गिऱ्हाईकाला खरे सांगून विकलेल्या मालातच बरकत आहे.