हिवाळ्यांतील प्रभात आणि पक्षिनिरीक्षण

ज्ञान केवळ पुस्तकांतच सांठविलेलें असतें असें नाहीं. तें झाडाझुडपांत आणि पाण्याच्या कांठींही विखुरलेलें असतें. तें वेंचण्यास मात्र डोळे उघडे व पाय तत्पर हवेत. पक्षिनिरीक्षण हा असाच एक पाठ आहे, आणि तो गिरविण्यास आम्हां महाराष्ट्रीयांना हिवाळ्याहून उत्तम ऋतु नाहीं.

याचीं कारणें तीन. रात्रभर उपाशी राहिलेलीं पांखरें सूर्योदय होतांच भक्ष्याच्या शोधास लागतात. म्हणून पहिल्या दोन तासांत त्यांची लगबग फार असते. दुसरें, थंडीच्या दिवसांत कित्येक झाडांचीं पानें गळूं लागतात व फांदीवरील पक्षी सहज दिसतो. तिसरें, ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत येथल्या पक्ष्यांत उत्तरेकडील पाहुण्यांची भर पडते. तिकडे बर्फामुळें अन्न दुर्मिळ होतें. इकडे पावसानें भरलेले तलाव व पिकांनीं डवरलेलीं शेतें असतात.

परंतु पाहावयाचें कसें? नदीकांठीं शेंपूट वरखालीं हालवीत धांवणाऱ्या परिटाचें उदाहरण घेऊं. एका परिटाची पाठ काळी असून डोळ्यावर पांढरी भुंवई असते. तो बारमास येथलाच रहिवासी. दुसऱ्याची पाठ राखाडी व चेहरा पांढरा. तो हिमालय व त्यापलीकडील प्रदेशांतून हिवाळ्यापुरता येतो. वरवर पाहणारास दोघे एकच वाटतात. म्हणून आम्ही फिरावयास निघतों तेव्हां नांव विचारण्यापूर्वीं पांच गोष्टी वहींत टिपतों : आकारमान (चिमणीएवढें, मैनेएवढें कीं कावळ्याएवढें), रंग, चोंच, चाल आणि स्थळ.

चोंच पाहिली कीं आहार कळतो. भिगवणजवळ उजनी धरणाच्या उथळ पाण्यांत येणारा रोहित आपली वांकडी चोंच उलटी धरून पाणी गाळतो व त्यांतील सूक्ष्म जीव खातो. तेथेंच कधीं पट्टकादंब हंस दिसतो. डोक्यावरील दोन काळ्या पट्ट्यांची ही त्याची खूण. तो हिमालय ओलांडून येतो. विरळ हवेंतूनही प्राणवायु शोषून घेण्याची विशेष शक्ति त्याच्या रक्तांत आहे.

डॉ. सलीम अली (1896–1987) यांनीं बालपणीं छऱ्याच्या बंदुकीनें एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, तेव्हां ती कोणती हें विचारण्यास ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटींत गेले. 1883 सालीं स्थापन झालेल्या त्या संस्थेचे कार्यवाह मिलार्ड यांनीं मुलाची जिज्ञासा ओळखून त्यास पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखविला. त्या प्रश्नांतूनच पुढें थोर पक्षितज्ज्ञ घडला. 1941 सालीं त्यांचें भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध पुस्तक निघालें.

हा केवळ छंद नव्हे. पांढऱ्या पाठीचीं गिधाडें भारतांत 1992 ते 2007 या काळांत शेंकडा 99 हून अधिक घटलीं. भरतपूर येथें वर्षानुवर्षें मोजदाद करणाऱ्यांच्या हें ध्यानांत आलें. गुरांना वेदना शमविण्यासाठीं दिलेलें डायक्लोफेनॅक हें औषध मेलेल्या गुरांच्या मांसांतून गिधाडांच्या पोटांत जाई व त्यांचीं मूत्रपिंडें निकामी होत. 2004 सालीं हें कारण उघड झालें आणि 2006 सालीं गुरांसाठीं तें औषध बनविण्यास बंदी झाली. वहींत आंकडे नसते तर ऱ्हास वेळींच कळला नसता.

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, बेचकी घरीं ठेवा व वही बरोबर घ्या. मंद रंगाचे कपडे घाला, हळू बोला, सूर्य पाठीशीं ठेवा आणि घरट्याजवळ जाऊं नका. पालकांसही आमची विनंति आहे कीं, आठवड्यांतून एक सकाळ त्यांनीं मुलांसमवेत टेकडीवर वा तळ्याकांठीं घालवावी. वहींत दिनांक, वेळ व स्थळ लिहावें. पुढील हिवाळ्यांत तेंच पान उघडून कोण आलें व कोण आलें नाहीं, हें ताडून पाहावें.