‘कैवारी’ : टिळक दांपत्याच्या लेखनातील दोषारोप आणि क्षमा

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या धर्मांतराची चर्चा बहुधा मतपरिवर्तनाच्या अंगाने होते. तथापि त्यांच्या आणि लक्ष्मीबाईंच्या लेखनामागे एक निराळा प्रश्न उभा आहे : दोषी ठरलेल्या माणसाची बाजू कोणी घ्यावी? या प्रश्नाच्या अनुषंगाने एका शब्दाचा विचार उपयुक्त ठरतो.

‘सैतान’ या मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ विरोधक, आरोप करणारा असा आहे. बायबलमधील ही कल्पना न्यायसभेची आहे. आरोपकर्त्यासमोर उभा राहणाऱ्यासाठी मराठी बायबलने ‘कैवारी’ हा शब्द योजिला. मराठी वाचकाला तो भक्तिपरंपरेतून परिचित होताच. भक्ताचा कैवार घेणे हे विठ्ठलाचे ब्रीदच मानले गेले. मात्र दोन्ही संदर्भांत सूक्ष्म भेद आहे. संतांचा देव शरण आलेल्या पतिताला पावन करतो. योहानाच्या पहिल्या पत्रातील कैवारी अपराध नाकारीत नाही, तर त्याचे प्रायश्चित्त स्वतः होतो. म्हणून येथे क्षमा म्हणजे दोषाकडे काणाडोळा नव्हे.

टिळकांच्या ठिकाणी हे दोन्ही प्रवाह एकत्र आले. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते संस्कृत ग्रंथांचे काम करीत होते. पुढे १८९३ मध्ये राजनांदगावच्या प्रवासात एका सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. ती केवळ कृतज्ञता नव्हे. स्वतःचे दोष देवापुढे उघडे करण्याची भाषा त्यांना अभंगाने आधीच दिली होती. ‘अभंगांजली’त त्या भाषेला नवा आश्रय मिळाला.

बाप्तिस्म्यानंतर समाजाचा आरोप त्यांच्यावर तर आलाच, पण त्याचा अधिक जाच लक्ष्मीबाईंना झाला. काही वर्षे पतिपत्नी विभक्त राहिली. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. येथे खरी अडचण उपस्थित होते. देवाने क्षमा केली, तरी दुखावलेल्या माणसाचे काय? केवळ अंतःकरणातील शांतीवर थांबणारी धर्मचर्चा या प्रश्नाला उत्तर देत नाही.

‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३६) हे या प्रश्नाचे वाङ्मयीन उत्तर मानता येईल. लक्ष्मीबाई पतीचा संताप, लहरीपणा, अव्यवहारीपणा लपवीत नाहीत. तरीही त्यांचे निवेदन फिर्याद होत नाही. घटना स्पष्ट सांगायची आणि शिक्षा मागायची नाही, ही त्यांच्या विनोदाची जात आहे. दोष मान्य होतो, पण माणूस त्या दोषाएवढाच उरत नाही. कैवाराची कल्पना येथे तत्त्वज्ञानातून गृहजीवनात उतरते.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांनाही तेथे स्थान होते. न्यायसभेचे दरबारात झालेले हे रूपांतर अर्थपूर्ण आहे : ज्याचा कैवार घेतला गेला, त्याने इतरांचा आरोपकर्ता होऊ नये. तात्पर्य, मराठी ख्रिस्ती साहित्यातील क्षमेचा अभ्यास बाप्तिस्म्याच्या घटनेपाशी न थांबता सहजीवनाच्या चित्रणापर्यंत नेणे आवश्यक आहे.