कागद आधी, प्रश्न नंतर

आयबी डिप्लोमाच्या अकरावी-बारावीत प्रत्येक विद्यार्थ्याला एक शोधनिबंध लिहावा लागतो, जास्तीत जास्त 4000 शब्दांचा. शाळेत त्याला ‘ईई’ म्हणतात, म्हणजे एक्स्टेंडेड एसे. विषय विद्यार्थ्याने निवडायचा आणि लिहायचेही त्यानेच. मार्गदर्शक शिक्षक चर्चा करतात, पण संपूर्ण मसुद्यावर अभिप्राय एकदाच देऊ शकतात. तपासणारे परीक्षक शाळेबाहेरचे असतात. या निबंधात सर्वांत खालची श्रेणी मिळाली, तर बाकीच्या विषयांत कितीही चांगले गुण असले तरी डिप्लोमा हातून जातो. एवढे पणाला लागलेले असताना निबंध फसतो तो भाषा कच्ची असल्यामुळे नव्हे, वाचन कमी पडल्यामुळेही क्वचितच. मुले उत्तर आधी ठरवतात, त्याला साजेसा प्रश्न मागाहून जोडतात आणि मग त्या उत्तराला टेकू देणारे उतारे शोधत बसतात. मला सावध करायचे आहे ते याच सवयीबद्दल, कारण ती मेहनती मुलांनाच जास्त जडते.

पुण्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याला सहज सुचेल असा विषय घेऊ: ‘1897 च्या प्लेगमधील इंग्रजांचे अत्याचार’. या शीर्षकात निकाल आधीच लागलेला आहे, शोधायला काही उरत नाही. आता हाच विषय कागदांच्या बाजूने पाहा. साथरोग कायदा फेब्रुवारी 1897 मध्ये झाला. मार्चपासून रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या प्लेग समितीने पुण्यात सैनिकांकरवी घरझडत्या सुरू केल्या. 22 जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. ‘केसरी’ तेव्हा दर मंगळवारी निघे. म्हणजे 2 फेब्रुवारीपासून 15 जूनपर्यंत आठवड्याला एक या हिशेबाने 20 अंक होतात. वीस अंक एका विद्यार्थ्याला अक्षरन् अक्षर वाचता येतात. ते वाचायला घेतले की प्रश्न आपोआप बदलतो. ‘केसरी’चे संपादक टिळक यांनी शहर सोडले नाही. रुग्णांसाठी हिंदू रुग्णालय उभे करायला त्यांनी पुढाकार घेतला आणि पळून गेलेल्या पुढाऱ्यांवर टीका केली. रोग्याला वेगळे ठेवण्याच्या तत्त्वाला त्यांचा विरोध नव्हता. त्यांचा राग होता तो झडत्यांच्या रीतीवर. मग ‘या पाच महिन्यांत प्लेगच्या उपायांबद्दल केसरीचा सूर कधी आणि कशामुळे बदलत गेला?’ असा प्रश्न समोर येतो. त्याचे उत्तर विद्यार्थ्याला आधी ठाऊक नसते, आणि ते 4000 शब्दांत मावते.

पुरावा म्हणजे काय, हेही याच प्रकरणात शिकण्यासारखे आहे. त्या वर्षी पुण्यातले पुढारी गोखले इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तिथे सैनिकांच्या वर्तनाबद्दल, स्त्रियांवरच्या अत्याचारांबद्दल गंभीर आरोप केले. सरकारने पुरावा मागितला. ज्यांनी कळवले होते त्यांची नावे उघड करता येईनात, आणि परतल्यावर गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. या माफीवरून काहीच घडले नव्हते असे कुणी लिहिले, तर तीही तेवढीच मोठी चूक होईल. साक्षीदार पुढे यायला घाबरतात ही गोष्टच त्या काळाबद्दल खूप काही सांगते. पण ‘असे घडले’, ‘असे घडल्याचे पुण्यातल्या लोकांनी कळवले’ आणि ‘हे सिद्ध करता आले नाही’ ही तीन वेगळी वाक्ये आहेत. सतराव्या वर्षी ज्याला यांतला फरक लिहून दाखवता येतो, त्याने या निबंधातून मिळवायचे ते बहुतेक मिळवले असे मी म्हणेन.

यावर पहिला आक्षेप पालकांकडून येतो: एवढासा प्रश्न घेतला तर परीक्षकावर काय छाप पडणार? पण विस्तीर्ण विषयावर 4000 शब्दांत फक्त इतरांच्या पुस्तकांचा गोषवारा बसतो, आणि परीक्षकाला विद्यार्थ्याचा स्वतःचा विचार पाहायचा असतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. काहीच मत नसताना कागद वाचायला बसलेला मुलगा त्यांत हरवणार नाही का? हरवेल. म्हणून अंदाज जरूर बांधावा, तो वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहावा आणि कोणता कागद सापडला तर आपण हा अंदाज सोडून देऊ हेही त्याखाली लिहावे. ही दुसरी ओळ लिहिता येत नसेल, तर तो अंदाज नसून श्रद्धा आहे, आणि तिच्यावर शोधनिबंध उभा राहत नाही. मुलाला विषयाची ओढ हवी, असेही म्हणतात. ते मला पूर्ण मान्य आहे, पण नऊ महिने पुरणारी ओढ विषयाच्या नावाने लागत नाही. ती अंकांच्या चळतीत चौथ्या-पाचव्या दिवशी काहीतरी अनपेक्षित दिसले की लागते. यंत्राकडून मजकूर लिहून घेण्याबद्दल जास्त बोलायची गरज नाही. दुसऱ्याने लिहिलेले आपले म्हणून देणे ही फसवणूक आहेच, शिवाय न वाचलेल्या अंकाबद्दल मार्गदर्शकाने शेवटच्या भेटीत एक साधा प्रश्न विचारला, तरी ती उघडी पडते.

मराठी मुलांजवळ या कामासाठी एक ठेव आहे आणि ती वाया जाताना पाहून वाईट वाटते. त्या वेळचे सरकार देशी वृत्तपत्रांचे इंग्रजी सारांश दर आठवड्याला तयार करवून घेई. परदेशी अभ्यासक पुष्कळदा त्यांवरच विसंबतात. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या पण घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला मूळ अग्रलेख आणि सरकारी सारांश शेजारी ठेवून पाहता येतो. ‘केसरी’ बाळबोधात छापलेला आहे, मोडी शिकावी लागत नाही. दोन-तीन अंक जड जातात, मग भाषा उलगडू लागते. 1897 च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांच्या मराठी लेखांची भाषांतरे कोर्टापुढे होती. ज्यूरीतले सहा युरोपीय त्यांना दोषी मानत होते, तिघे हिंदी निर्दोष. एकच मजकूर नऊ माणसांनी दोन प्रकारे वाचला, आणि टिळकांना 18 महिन्यांची सक्तमजुरी झाली. म्हणून उतारा टिपताना तो मुळातल्या शब्दांत टिपा, शेजारी अंकाची तारीख, पान आणि स्तंभ लिहा, आणि आपले मत वेगळ्या शाईने. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी 1898 मध्ये आपल्या पहिल्या खंडाला नाव दिले ते ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’: आधी साधने, मग इतिहास. मसुद्याला हात घालण्याआधी वीस अंकांची अशी वीस पाने तुमच्या वहीत असू द्या.