रेशीम संगोपनातील काचेची मापन-उपकरणे : फुटतूट, फसवी नोंद आणि प्रतिबंध

प्रस्तावना

कावेरी आणि कपिला (कबिनी) या नद्यांच्या संगमावर, म्हैसूर शहरापासून सुमारे तीस किलोमीटर अंतरावर टी. नरसीपूर हे तालुक्याचे गाव वसले आहे. येथे कर्नाटक रेशीम उद्योग महामंडळाचे रेशीम धागानिर्मिती केंद्र आहे. या केंद्रात कोषांपासून काढलेले कच्चे रेशीम म्हैसूर येथील विणकाम कारखान्याकडे जाते. त्या कारखान्याचा प्रारंभ १९१२ साली, म्हैसूर संस्थानच्या काळात झाला.

धागानिर्मिती केंद्रात कोष गरम पाण्यात मऊ केले जातात, धाग्याचे टोक शोधले जाते आणि अनेक कोषांचे तंतू एकत्र करून धागा गुंडाळला जातो. उत्तम बायव्होल्टाइन कोषातील तंतू आठशे ते हजार मीटर किंवा त्याहूनही लांब असतो. तो अखंड उलगडला तर कोष चांगला ठरतो. वारंवार तुटला तर वेळ, मजुरी आणि रेशीम या तिन्हींचा तोटा होतो. तंतू तुटण्याचे एक प्रमुख कारण कोष बांधणीच्या काळातील जास्त आर्द्रता हे असते. म्हणजेच टी. नरसीपूरसारख्या केंद्रातील टाकीत दिसणाऱ्या दोषाचे मूळ काही दिवसांपूर्वीच्या संगोपनगृहात असते. तेथील आर्द्रता शेतकऱ्याला कळत होती की नाही, हे भिंतीवरील काचेच्या दोन नळ्यांवर अवलंबून असते.

संगोपनगृहातील तापमापी आणि अंडीपुंज निर्मिती केंद्रातील हायड्रोमीटर ही उपकरणे स्वस्त असल्याने त्यांची निगा दुर्लक्षित राहते. फुटलेले उपकरण निदान दिसते तरी. न फुटता आतून बिघडलेले उपकरण मात्र रोज खोटे आकडे देत राहते आणि त्याचे नुकसान अधिक असते. म्हणून या लेखात फुटतूट आणि फसवी नोंद या दोन्ही बाबींचा विचार केला आहे.

एका अंशाचे मोल

रेशीम कीटकाच्या पहिल्या दोन अवस्थांत २७ ते २८ अंश सेल्सिअस तापमान आणि ८५ ते ९० टक्के आर्द्रता लागते. पुढील प्रत्येक अवस्थेत दोन्ही बाबी क्रमाने कमी कराव्या लागतात. पाचव्या अवस्थेत २३ ते २४ अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता योग्य असते, तर कोष बांधणीच्या वेळी हवा याहूनही कोरडी व खेळती असावी लागते.

आर्द्रता मोजण्यासाठी बहुतेक संगोपनगृहांत कोरड्या व ओल्या फुग्याचा हायग्रोमीटर वापरला जातो. उदाहरणार्थ, कोरडा तापमापी २५ अंश आणि ओला २२ अंश दाखवत असेल, तर आर्द्रता सुमारे ७७ टक्के असते. ओल्या तापमापीतील द्रवस्तंभ तुटला आणि त्याने चुकून २१ अंश दाखवले, तर तक्त्यावरून आर्द्रता सुमारे ७० टक्के निघते. केवळ एका अंशाच्या चुकीने शेतकरी खिडक्या उघडण्याऐवजी बंद ठेवतो आणि ओलसर हवेत कोष बांधणी होते.

संगोपनगृहातील तापमापी : फुटण्याची कारणे

१. फांद्यांचा धक्का. फांदी पद्धतीने खाद्य देताना तुतीच्या लांब फांद्यांची मोळी खांद्यावरून आत आणली जाते. ये-जा करण्याच्या वाटेवर टांगलेला हायग्रोमीटर या मोळीला सहज अडकतो. त्यामुळे तो रॅकच्या मधल्या कप्प्याच्या उंचीवर, पण वाटेपासून दूर, लाकडी पट्टीवर दोन ठिकाणी घट्ट बसवावा. एकाच खिळ्याला सुतळीने लोंबकळत ठेवू नये.

२. मर्यादेपेक्षा जास्त उष्णता. खोलीसाठीच्या तापमापीची कमाल मर्यादा बहुधा ५० अंश असते. थंडीत शेगडी किंवा हीटरजवळ ठेवल्यास द्रव प्रसरण पावून नळीतील मोकळी जागा भरतो आणि फुगा फुटतो. अचूकता तपासण्यासाठी असा तापमापी उकळत्या पाण्यात बुडवणे ही नेहमीची चूक आहे. त्यात उपकरण हमखास जाते.

३. तापमानातील अचानक बदल. साधी काच तापमानातील बदलाने बोरोसिलिकेट काचेच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते. उन्हात तापलेल्या तापमापीवर गार पाणी किंवा निर्जंतुकीकरणाची फवारणी पडल्यास तिला तडा जाऊ शकतो. निर्जंतुकीकरणापूर्वी उपकरणे काढून ठेवावीत आणि ओल्या फडक्याने वेगळी पुसावीत.

४. घासण्याने पडलेले ओरखडे. काच बहुधा पृष्ठभागावरील सूक्ष्म ओरखड्यापासून फुटते. राख, वाळू किंवा तारेच्या घासणीने ती स्वच्छ करू नये. मऊ कापड आणि साबणाचे कोमट पाणी पुरेसे असते.

५. प्रवास. प्रशिक्षणाहून परतताना घेतलेली उपकरणे पिशवीत कपड्यांच्या मध्ये ठेवली तरी बसच्या धक्क्यांनी फुटतात, किंवा न फुटता त्यांतील स्तंभ तुटतो. दोन्ही टोकांना झाकण असलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा घेऊन आत फोमचे अस्तर लावावे आणि त्यात एकेक तापमापी ठेवावा. घरी पोहोचल्यावर स्तंभ अखंड आहे का, हे पाहूनच तो भिंतीवर लावावा.

हायड्रोमीटर : अंडीपुंज केंद्रातील नाजूक साधन

बायव्होल्टाइन जातींची अंडी घातल्यानंतर सुप्तावस्थेत जातात. ती लवकर उबावीत यासाठी केंद्रांत हायड्रोक्लोरिक आम्लाची प्रक्रिया केली जाते. गरम पद्धतीत १.०७५ विशिष्ट गुरुत्वाचे आम्ल सुमारे ४६ अंशांवर ठेवून अंडी साधारण पाच मिनिटे बुडवली जातात. थंड पद्धतीत १.१० विशिष्ट गुरुत्वाचे आम्ल वापरून वेळ सुमारे एक तास ठेवली जाते. हे गुरुत्व हायड्रोमीटरवरच वाचले जाते. सुटी अंडी मिठाच्या द्रावणात टाकून फलित व अफलित अंडी वेगळी करतानाही हेच साधन लागते. घरी सिरका किंवा फळांचे मद्य करणारे लोक आंबवणीची प्रगती ज्या काचेच्या नळीने पाहतात, ती याच जातीची. फुटण्याच्या तऱ्हाही सारख्याच आहेत.

हायड्रोमीटरचा तळ वजनदार असतो आणि वरची दांडी अत्यंत पातळ असते. दांडीला धरून तो आडवा उचलल्यास सांध्याजवळ मोडतो. मोजपात्रात वरून सोडल्यास तळावर आपटून फुटतो. टेबलावर आडवा ठेवल्यास गडगडत खाली पडतो. यावर पुढील उपाय करावेत.

• हायड्रोमीटर नेहमी उभा धरावा. आडवा उचलणे भाग असेल तर फुगीर भागाखाली हात द्यावा.
• मोजपात्र काचेऐवजी पारदर्शक पॉलिप्रोपिलीनचे घ्यावे. ते या आम्लास टिकते. तळाशी आम्लरोधक रबराची चकती ठेवावी.
• पात्र आधी द्रवाने भरावे आणि मग हायड्रोमीटर हळूहळू खाली न्यावा. तो तरंगू लागेपर्यंत हात सोडू नये.
• गरम आम्लात थंड हायड्रोमीटर एकदम बुडवू नये. नमुना वेगळ्या पात्रात घेऊन निवू द्यावा आणि मोजपट्टीवर लिहिलेल्या तापमानाला वाचन करावे.
• वापर संपताच स्वच्छ पाण्याने धुऊन तो उभ्या, अस्तर लावलेल्या नळीत ठेवावा. टेबलावर ठेवायचाच असेल तर दोन्ही बाजूंना गुंडाळलेला टॉवेल लावावा.

आम्ल साठवण्याच्या मोठ्या बाटल्या गळ्याला धरून उचलू नयेत. तळाला आधार देऊन किंवा प्लॅस्टिकच्या टोपलीत ठेवूनच त्या हलवाव्यात. सौम्य आम्ल करताना आम्ल पाण्यात ओतावे. आम्लात पाणी कधीही ओतू नये. चष्मा, रबरी हातमोजे व एप्रन आवश्यक आहेत. सांडलेल्या आम्लावर चुनकळी न टाकता विझवलेला चुना किंवा खाण्याचा सोडा टाकून मगच ते धुवावे.

न फुटलेल्या उपकरणाची तपासणी

तापमापी. बारीक कुटलेला स्वच्छ बर्फ आणि थोडे पाणी यांच्या मिश्रणात फुगा पाच मिनिटे ठेवावा. वाचन शून्य अंश आले पाहिजे. फरक असल्यास तो चिठ्ठीवर लिहून उपकरणावर चिकटवावा. कोरडा व ओला असे दोन्ही तापमापी कापड न लावता शेजारी ठेवल्यास सारखेच वाचन मिळावे. स्तंभ तुटलेला असल्यास फुगा बर्फ व मिठाच्या मिश्रणात ठेवावा. द्रव आकसून फुग्यात उतरला की तुटलेले भाग जुळतात. यासाठी फुगा तापवू नये.

हायड्रोमीटर. मोजपट्टीवर लिहिलेल्या तापमानाच्या स्वच्छ पाण्यात वाचन १.००० आले पाहिजे. दुसरी चाचणी म्हणून १०० ग्रॅम मीठ ९०० ग्रॅम पाण्यात विरघळवावे. २० अंशांस या द्रावणाचे वाचन सुमारे १.०७ येते. ते बरेच वेगळे आल्यास आतील कागदी मोजपट्टी सरकली आहे किंवा काचेला न दिसणारी चीर पडून आत ओल शिरली आहे, असे समजावे आणि ते उपकरण बाद करावे.

डिजिटल हायग्रोमीटर. हे काचेसारखे फुटत नाहीत, मात्र सतत ओलसर हवेत त्यांची अचूकता ढळते. झाकणात ओलसर मीठ घेऊन ते उपकरणासह हवाबंद डब्यात रात्रभर ठेवावे. मिठात मोकळे पाणी साचू देऊ नये. साधारण २५ अंशांस आत ७५ टक्के आर्द्रता तयार होते. सकाळच्या वाचनावरून उपकरणाची चूक कळते.

उपकरण फुटल्यास

सर्वप्रथम नळीत लाल द्रव होता की चंदेरी, हे पाहावे. लाल द्रव रंगवलेले अल्कोहोल असते आणि तेथे मुख्य धोका काचेचा असतो. कीटकांच्या बिछान्यावर तुकडे पडले असल्यास ते वेचत बसू नये. तेवढ्या भागातील पाला व कीटक बाजूला काढून टाकावेत.

चंदेरी द्रव म्हणजे पारा. त्याची वाफ दिसत नाही, तिला वास येत नाही आणि ती विषारी असते. मुले व गर्भवती स्त्रियांना त्वरित बाहेर न्यावे, खिडक्या उघडाव्यात, हीटर बंद करावा. झाडूने पारा अधिक विखुरतो, म्हणून झाडू वापरू नये. अंगठी व इतर सोन्याचे दागिने आधी उतरवावेत, कारण पारा सोन्याशी मिसळतो. हातमोजे घालून दोन जाड कागदांनी थेंब एकत्र करावेत आणि ड्रॉपरने उचलून घट्ट झाकणाच्या बरणीत थोड्या पाण्याखाली ठेवावेत. बारीक थेंब चिकटपट्टीने टिपावेत. ही बरणी उकिरड्यावर, विहिरीत किंवा मोरीत टाकू नये. घातक कचरा स्वीकारणाऱ्या यंत्रणेकडे द्यावी. पाऱ्याचा वापर घटवणाऱ्या मिनामाता कराराला भारताने २०१८ साली मान्यता दिली आहे. नवी खरेदी करताना बिनपाऱ्याचा तापमापीच घ्यावा.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

संगोपनगृहास भेट देताना कीटक पाहण्याआधी हायग्रोमीटर पाहावा. स्तंभ अखंड आहे का, ओल्या फुग्याचे कापड स्वच्छ आहे का, पात्रात पाणी आहे का आणि उपकरण कोठे टांगले आहे, या चार गोष्टी पाहण्यास दोन मिनिटे लागतात. प्रत्येक पिकापूर्वी बर्फाची चाचणी करण्याची आणि एक राखीव तापमापी घरात ठेवण्याची सवय शेतकऱ्यांना लावावी. पिकाच्या मध्यावर तापमापी फुटला तर तालुक्याहून नवा येईपर्यंत कीटक थांबत नाहीत. पाचव्या अवस्थेतील दोन दिवस अंदाजाने काढले, तर त्याचा हिशेब पुढे कोषबाजारात आणि धाग्याच्या टाकीत चुकता होतो.