मोरोविंड ते स्कायरिम : सोपं होताना काय हरवलं?

हॉस्टेलमध्ये काही वाद कधीच मिटत नाहीत. मेसची डाळ पातळ की मेसचं पाणी घट्ट, हा एक. आणि जुना गेम भारी की नवा गेम भारी, हा दुसरा. पहिल्या वादात मी पडत नाही. दुसऱ्या वादात मात्र एक गोष्ट नेहमी खटकते. जुन्याची बाजू घेणारे आठवणींवर बोलतात, नव्याची बाजू घेणारे ग्राफिक्सवर. गेमच्या आत काय बदललं, आणि का बदललं, यावर कोणी बोलतच नाही. आपण इंजिनीअरिंगला आहोत, तर निदान मशीन उघडून तरी बघूया! त्यासाठी मी एकच मालिका घेतली आहे : 'द एल्डर स्क्रोल्स'.

ज्या सरांनी-मॅडमनी हे खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी दोन ओळी. रोल प्लेइंग गेम, म्हणजे आर.पी.जी., यात आपण एक पात्र तयार करतो. त्याची ताकद, चपळाई, कौशल्यं आकड्यांत मोजली जातात आणि जसजसं खेळू तसतसे हे आकडे वाढतात. फँटसी म्हटलं की जादू, राक्षस, पडके किल्ले हे ओघाने आलंच.

थोडा इतिहास

ही मालिका अमेरिकेतल्या बेथेस्डा कंपनीची. पहिला भाग 'अरीना' १९९४ साली आला, दुसरा 'डॅगरफॉल' १९९६ साली. डॅगरफॉलचं जग अवाढव्य होतं, गावं आणि तळघरं मिळून १५ हजारांहून जास्त ठिकाणं. एवढं जग हाताने बनवणं शक्यच नाही, म्हणून बरंचसं प्रोग्रॅमने तयार केलेलं. साहजिकच दहा गावं पाहिली की अकरावं ओळखीचं वाटायचं.

२००२ च्या 'मोरोविंड'मध्ये कंपनीने उलटी दिशा धरली. जग लहान केलं, व्हार्डनफेल नावाचं एकच बेट, पण ते हाताने रचलं. मग २००६ मध्ये 'ऑब्लिव्हियन' आणि ११ नोव्हेंबर २०११ ला 'स्कायरिम'. ऑब्लिव्हियनची नवी सजवलेली आवृत्ती एप्रिल २०२५ मध्ये आली, त्यामुळे ही तुलना परत ताजी झाली आहे.

एक आकडा बघा. पात्राला शिकता येणारी कौशल्यं डॅगरफॉलमध्ये ३५ होती, मोरोविंडमध्ये २७, ऑब्लिव्हियनमध्ये २१ आणि स्कायरिममध्ये १८. ताकद, बुद्धी, चपळाई वगैरे ८ मूळ गुण ऑब्लिव्हियनपर्यंत टिकले, स्कायरिममध्ये ते गेलेच. उरले तीन : आरोग्य, जादूशक्ती आणि दम. ग्राफ सरळ खाली जातो. पण नुसत्या ग्राफवरून निष्कर्ष काढला तर व्हायवाला एक्स्टर्नल झोडपतील. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

१. तलवार लागली, तरी लागली नाही

मोरोविंड पहिल्यांदा खेळणारा प्रत्येक जण एकाच ठिकाणी चिडतो. समोर उंदीर आहे, तलवार त्याच्या अंगातून आरपार गेलेली डोळ्यांना दिसते, आणि गेम म्हणतो वार चुकला! कारण इथे वार लागणं डोळ्यांवर नाही, गणितावर ठरतं. सूत्र असं :

शस्त्राचं कौशल्य + (चपळाई ÷ ५) + (नशीब ÷ १०), आणि या बेरजेला (०.७५ + ०.५ × उरलेल्या दमाचं प्रमाण) याने गुणायचं. समोरच्याची चुकवण्याची क्षमता साधारण अशीच काढायची, फक्त त्यात कौशल्य धरायचं नाही. ती वजा केली की वार लागण्याची टक्केवारी मिळते.

उदाहरण सोडवू. कौशल्य ३०, चपळाई ४०, नशीब ४०. बेरीज ३० + ८ + ४ = ४२. दम पूर्ण असेल तर गुणक १.२५, म्हणजे ५२.५. शत्रूची चपळाई आणि नशीबही ४० आणि दम पूर्ण धरला तर त्याचे १२ × १.२५ = १५. उरले ३७.५ टक्के. आता आपण धावत धावत आलो आणि दम शून्य झाला असं समजा. ४२ × ०.७५ = ३१.५, त्यातून १५ गेले, उरले १६.५ टक्के! म्हणजे सहा वारांत जेमतेम एक. नवशिके नेमकं हेच करतात. गावभर धावतात, मग लढतात, आणि मग गेमला शिव्या घालतात.

ऑब्लिव्हियनने हे फासे काढून टाकले. तलवार टेकली की वार लागला, कौशल्याने फक्त जखम किती मोठी ते ठरतं. मला विचाराल तर हा बदल चांगलाच आहे. डोळ्यांना एक दिसावं आणि आकड्यांनी दुसरंच सांगावं, हे डिझाईन म्हणून कच्चं आहे. पण एक गोष्ट गेली. मोरोविंडमध्ये अडाण्याचा तलवारबाज झालेला प्रत्यक्ष जाणवतो. ज्या उंदराने आपल्याला रडवलं त्याला महिन्याभराने आपण एका वारात झोपवतो. सुरुवातीचा अपमान हा त्या आनंदाचा पाया आहे.

२. पत्ता विचारत जाणे

माझ्या मते सगळ्यात मोठा फरक इथे आहे. मोरोविंडमध्ये नकाशावर बाण नाही. काम देणारा माणूस तोंडी पत्ता सांगतो आणि तो आपल्या डायरीत उतरतो. सुरुवातीच्याच एका कामात आर्कंगथॅण्ड नावाच्या पुरातन अवशेषांतून एक छोटी पेटी आणायची असते. बालमोरा गावाबाहेर पडा, मूनमॉथ किल्ला गाठा, तिथून जुना पूल ओलांडा, अशी ती वाट. अवशेषांशी पोचलात तरी दार उघडत नाही, कारण ते उघडायचा दांडा जवळच्या एका पाइपवर आहे. आणि आत गेल्यावर ती पेटी इतकी लहान की डोळ्यांसमोर असून दिसत नाही.

हे वाचून कोणी म्हणेल, हा काय छळ! थोडा आहेच. काही पत्ते मोघम आहेत, काही चक्क चुकीचे आहेत. शिवाय डायरी सुरुवातीला नुसती तारखेवार होती, कोणतं काम कुठे लिहिलंय ते पानं उलटून शोधावं लागायचं. कामांनुसार यादी 'ट्रायब्यूनल' या पुरवणीत मिळाली. आपल्या सबमिशनच्या जर्नलपेक्षाही वाईट अवस्था!

पण पत्ता शोधताना आपण काय करतो? रस्त्यावरच्या पाट्या वाचतो. नदी कुठल्या हाताला आहे ते बघतो. गावाकडे पाहुणा आला की त्याला 'वडाच्या पारापासून डावीकडे, मग पाण्याची टाकी दिसेल' असं सांगतात ना, तसंच. अशा पत्त्याने चार वेळा गेलेला माणूस ते गाव विसरत नाही. मोरोविंड खेळलेल्यांना बालमोराची नदी आणि पूल अनेक वर्षांनीही आठवतात, ते यामुळे.

ऑब्लिव्हियनमध्ये होकायंत्राच्या पट्टीवर खूण आली. स्कायरिममध्येही तीच. आता आपण जग पाहत नाही, खूण पाहतो. स्कायरिममध्ये ती खूण बंद करून बघा. बऱ्याच कामांत डायरी फक्त 'अमुक वस्तू आणा' एवढंच सांगते. ती वस्तू कुठे, ते कोणीच सांगितलेलं नसतं. म्हणजे खूण ही मदत राहिलेली नाही, ती गेमचा खांब झाली आहे. काढली तर छत खाली येतं.

३. आवाज आला, शब्द गेले

मग बेथेस्डाने असं का केलं? आळस म्हणून? तसं मला वाटत नाही. मोरोविंडमधली बहुतेक संभाषणं लिखित होती. लेखकाला वाटलं तर पत्त्यात आणखी चार वाक्यं घालायला खर्च शून्य. ऑब्लिव्हियनमध्ये प्रत्येक संवाद बोलका झाला. सम्राटाला पॅट्रिक स्टुअर्टचा आवाज, मार्टिनला शॉन बीनचा. आता प्रत्येक वाक्य स्टुडिओत रेकॉर्ड करायचं, त्याला डिस्कवर जागा द्यायची, आणि नंतर पत्ता बदलला तर परत रेकॉर्ड करायचं. शिवाय लांबलचक पत्ता वाचता येतो, ऐकवत नाही.

म्हणून संवाद आखूड झाले. संवाद आखूड झाले म्हणून पत्ते गेले, पत्ते गेले म्हणून खूण आली, आणि खूण आली म्हणून वाटेवरच्या खुणा नीट रचण्याची गरज कमी झाली. हा माझा तर्क आहे, पण साखळी जुळते. कोणी 'जग उथळ करूया' असं ठरवलं नाही. आवाज हवा, एवढंच ठरलं. बाकीचं त्याच्या मागून आलं.

४. उडणं बंद

दुसरी साखळी याहून सोपी आहे. मोरोविंडमध्ये हवेत तरंगण्याचा मंत्र होता. तेलवानी नावाच्या जादूगार घराण्याच्या मनोऱ्यांना वरच्या मजल्यांवर जायला जिनेच नाहीत. ज्याला उडता येत नाही त्याने वर यायचंच कशाला, असा त्यांचा तोरा! एका वास्तूवरून अख्ख्या घराण्याचा स्वभाव कळतो.

ऑब्लिव्हियनमध्ये मोठी शहरं बाहेरच्या जगापासून वेगळी लोड होतात. वेशीवर दार, दारात लोडिंग. उडत भिंत ओलांडली तर पलीकडे खरं शहर नाहीच. म्हणून उडण्याचा मंत्र काढला. चांगलं चित्र दाखवायचं तर मेमरी वाचवायला हवी होती, ती शहराच्या भिंतीने वाचवली आणि किंमत आकाशाने मोजली.

५. आपल्याबरोबर वाढणारं जग

ऑब्लिव्हियनची सगळ्यात जास्त टीका झालेली गोष्ट म्हणजे लेव्हल स्केलिंग. आपली लेव्हल वाढली की शत्रूही तेवढेच वाढतात. सुरुवातीला फाटक्या कातड्यात फिरणारा वाटमाऱ्या पुढे काचेचं मौल्यवान चिलखत घालून रस्त्यात उभा असतो आणि चिल्लर मागतो! त्यात गंमत अशी, की बोलण्याचं किंवा घासाघीस करण्याचं कौशल्य मुख्य म्हणून निवडलं तरी त्याने लेव्हल वाढते. आपण गप्पा मारून मोठे होतो, शत्रू मात्र खरोखर बलवान होतात.

हेतू चांगला होता : खेळाडू कुठेही जावो, लढाई बरोबरीची व्हावी. पण सगळीकडे बरोबरी असेल तर कुठेच भीती नाही, आणि परत येऊन सूड घेण्याची मजाही नाही. स्कायरिमने यातून शिकून मध्यम मार्ग काढला. प्रत्येक भागाला किमान आणि कमाल मर्यादा घातली. ऑब्लिव्हियनच्या २०२५ च्या आवृत्तीतही लेव्हल वाढवण्याची जुनी किचकट हिशेबाची पद्धत बदलली. म्हणजे 'नवीन म्हणजे वाईट' हे सूत्रही टिकत नाही.

६. चुकण्याचा हक्क

शेवटचा मुद्दा. मोरोविंडमध्ये कथेतल्या अत्यंत महत्त्वाच्या माणसालाही मारता येतं. गेम एवढंच सांगतो की आता भविष्यवाणीचा धागा तुटला, जुना सेव्ह उघडा नाहीतर याच जगात राहा. आणि तरीही कथा संपवायची एक अवघड चोरवाट डिझायनरांनी ठेवली आहे. ऑब्लिव्हियन आणि स्कायरिममध्ये अशी महत्त्वाची माणसं मरतच नाहीत. पडतात आणि थोड्या वेळाने उठतात. मोरोविंडमध्ये तीन मोठ्या घराण्यांपैकी एकात गेलात की बाकी दोन बंद. स्कायरिममध्ये एकच पात्र जादूगारांचं प्रमुखही होतं आणि चोरांचंही.

मग नवे वाईट का?

नाही. स्कायरिमची तळघरं फार हुशारीने बांधली आहेत. शेवटच्या खोलीतून बऱ्याचदा एखादी वाट परत बाहेर काढते, आल्या मार्गाने रखडत यावं लागत नाही. कुठलाही डोंगर दिसला की तिकडे चालत सुटावंसं वाटतं. पहिल्या दहा मिनिटांत माणूस खेळात रमतो, हे मोरोविंडला कधीच जमलं नाही. ज्याला दिवसभराच्या प्रॅक्टिकलनंतर एक तास मिळतो, त्याच्यासाठी ती खूण वरदान आहे. आणि डॅगरफॉलमध्येही नकाशावर टिचकी मारून गावाला जाता यायचं. सोय ही काही नव्यांनी लावलेली कीड नाही.

माझा मुद्दा इतकाच, की अडचण दोन प्रकारची असते. डायरीची विस्कटलेली पानं ही निव्वळ कटकट, ती काढलीच पाहिजे. पण पत्ता शोधत जाणं ही अशी अडचण आहे जिच्यातूनच खेळाडूला जग कळतं. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. तक्रारपेटीत दोन्हींच्या चिठ्ठ्या सारख्याच पडतात. कोणती काढायची आणि कोणती ठेवायची, हे ओळखणं म्हणजे डिझाईन.

उद्या आपल्यापैकीच कोणी सॉफ्टवेअर लिहिणार, कोणी मशीन बनवणार. एखादी पायरी गाळताना एकदा तपासायचं, की वापरणारा माणूस त्या पायरीवर काही शिकत होता का. आणि ती पायरी गेली, तर तिच्यावर टेकलेलं आणखी काय काय खाली येणार आहे.

ज्यांना स्वतः तुलना करायची आहे त्यांच्यासाठी : साध्या मशीनवरही मोरोविंड चालतो, आणि 'ओपनएमडब्ल्यू' हे मुक्त इंजिन वापरलं तर आणखी नीट चालतो, फक्त मूळ गेम आपल्याकडे हवा. कौशल्य नीट निवडा, लढाईआधी दम भरू द्या आणि शेजारी एक वही ठेवा. मग स्कायरिम होकायंत्राच्या खुणा बंद करून खेळून बघा. वाद त्यानंतर घालू, मेसमध्ये!