नकाशावरची सही कोणाची?

(तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी)

मित्रमैत्रिणींनो, एक छोटीशी परीक्षा घेते. पुस्तक न उघडता पाच आर्किटेक्टची नावं सांगा बघू! ल कॉर्बुझिए, चार्ल्स कोरिया, बाळकृष्ण दोशी, लॉरी बेकर... आमच्या वर्गात गाडी इथवर झकास आली. मग मी म्हटलं, आता पाच स्त्री आर्किटेक्ट सांगा. झाहा हदीद हे एक नाव आलं आणि पुढे शांतता. गंमत म्हणजे आपल्या मराठीतला ‘वास्तुविशारद’ हा शब्द स्त्रीला आणि पुरुषाला सारखाच चालतो. तरी तो ऐकला की डोळ्यांसमोर हेल्मेट घातलेला, काखेत ड्रॉइंगची गुंडाळी धरलेला ‘तो’च उभा राहतो.

आपण सिव्हिलवाले. उद्या आपलं निम्मं आयुष्य आर्किटेक्टच्या ड्रॉइंगशी झगडण्यात जाणार आहे. आज आर्किटेक्चर कॉलेजच्या वर्गात डोकावलं तर मुलांच्या बरोबरीने, कधी त्यांच्यापेक्षा जास्तच मुली दिसतात. पण मोठ्या ऑफिसच्या पाटीवर किंवा साइटवरच्या बैठकीत खुर्चीच्या मध्यभागी त्या तितक्या दिसत नाहीत. मधल्या वाटेत त्या जातात कुठे? आणि ज्या टिकल्या, पुढे गेल्या, त्यांना हात कोणी दिला? या प्रश्नाचा पाठपुरावा करताना जे हाती लागलं, ते इथे मांडते आहे.

सिव्हिलची पदवी आणि ७२ फुटी मनोरा

सुरुवात आपल्याच शाखेपासून करू. ज्युलिया मॉर्गन (१८७२–१९५७) ही कॅलिफोर्नियाची. बर्कलीच्या विद्यापीठात तेव्हा आर्किटेक्चरची शाखाच नव्हती, म्हणून तिने १८९४ मध्ये सिव्हिलची पदवी घेतली. तिथे तिला बर्नार्ड मेबेक नावाचे शिक्षक भेटले. तेही आर्किटेक्ट होते आणि निवडक विद्यार्थ्यांना घरी बोलावून वास्तुकला शिकवत. पॅरिसच्या ‘एकोल दे बोझार’ या जगप्रसिद्ध संस्थेत जा, असं त्यांनी तिला सुचवलं. गंमत बघा, त्या संस्थेच्या वास्तुकला विभागात तोवर एकही मुलगी नव्हती! ज्युलिया दोनदा प्रवेशपरीक्षेत अडली, तिसऱ्या वेळी १८९८ मध्ये आत गेली आणि वयाची तिशीची अट संपायच्या आत, १९०२ मध्ये, प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडली.

परत आल्यावर १९०४ मध्ये कॅलिफोर्नियात आर्किटेक्टचा परवाना मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. त्याच वर्षी तिने ओकलंडच्या मिल्स कॉलेजसाठी ७२ फूट उंच घंटेचा मनोरा बांधला, तोही आरसीसीमध्ये. तेव्हा हे साहित्य तिथे नवंच होतं. १८ एप्रिल १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपात आजूबाजूला पडझड झाली आणि हा मनोरा उभा राहिला! मग फेअरमाँट हॉटेलच्या दुरुस्तीचं मोठं काम तिच्याकडे चालून आलं. आयुष्यभरात तिने सातशेहून अधिक इमारती केल्या.

पण मला जास्त आवडली ती तिच्या ऑफिसची रीत. ते ऑफिस कामाचं ठिकाण कमी आणि शाळा जास्त, असं चालायचं. ती मुलींना कामावर घेई, शिकवी, आणि वर्ष चांगलं गेलं तर नफा सहकाऱ्यांत वाटून टाकी. मेबेक यांनी तिला जे दिलं, ते तिने पुढच्यांना दिलं. अमेरिकन आर्किटेक्टांच्या संस्थेने तिला सुवर्णपदक दिलं २०१४ मध्ये, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर ५७ वर्षांनी! हे पदक मिळवणारी ती पहिली स्त्री.

मुंबई ते चंदीगड

आता आपल्याकडे येऊ. पेरीन जमशेटजी मिस्त्री (१९१३–१९८९) यांनी १९३६ मध्ये मुंबईच्या सर जे. जे. मधून वास्तुकलेची पदविका घेतली. भारतातल्या पहिल्या स्त्री आर्किटेक्ट म्हणून त्यांचंच नाव घेतलं जातं. वडिलांच्या ‘डिचबर्न, मिस्त्री अँड भेडवार’ या फर्ममध्ये त्या भागीदार झाल्या. कंबाला हिलवरचं सेंट स्टीफन्स चर्च हे त्यांच्या कामांपैकी एक. आडनावावरूनच कळतं की घरात बांधकाम पिढीजात होतं. म्हणजे पहिला दरवाजा त्यांच्यासाठी घरातूनच उघडला. ज्यांच्या घरात अशी फर्म नाही, त्यांनी काय करायचं?

याचं एक उत्तर चंदीगडमध्ये सापडतं. १९५१ मध्ये नव्या राजधानीचं काम सुरू झालं तेव्हा ल कॉर्बुझिए यांच्याबरोबर पियर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू हे तिघे होते. जेन ड्र्यू बाईंचं उदाहरण मजेदार आहे. शिक्षण संपल्यावर त्यांना स्वतःला बाई म्हणून नोकरी मिळताना त्रास झाला होता. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये स्वतःचं ऑफिस काढलं तेव्हा सुरुवातीला त्यांनी फक्त स्त्री आर्किटेक्टच घेतल्या! चंदीगडला तीन वर्षं राहून त्यांनी सरकारी कर्मचाऱ्यांच्या घरांवर काम केलं आणि ते करताना भारतीय तरुण आर्किटेक्टांची फळी सोबत घेतली.

त्या फळीत होत्या ऊर्मिला युली चौधरी (१९२३–१९९५). सिडनीतून १९४७ मध्ये पदवी घेऊन आलेल्या. फ्रेंच उत्तम येत असल्यामुळे ल कॉर्बुझिए यांच्याशी बोलणं आणि पत्रव्यवहार यात त्यांचा मोठा उपयोग झाला. पण त्या नुसत्या दुभाषी राहिल्या नाहीत. चंदीगडची महिला पॉलिटेक्निकची इमारत त्यांची. १९६३ ते १९६५ त्यांनी दिल्लीच्या स्कूल ऑफ आर्किटेक्चरचं प्रमुखपद सांभाळलं, पुढे हरियाणाच्या आणि नंतर १९७६ ते १९८१ या काळात पंजाबच्या मुख्य आर्किटेक्ट झाल्या. ज्या शहराची ड्रॉइंग्ज तरुणपणी काढली, त्याच भागातल्या सरकारी बांधकामांवर शेवटची सही करण्यापर्यंत त्या पोचल्या.

नाव गळतं कुठे?

नवी मुंबईची कल्पना कोणाची? कोणीही सांगेल, चार्ल्स कोरिया. आपण सिव्हिलवाले अभिमानाने इंजिनिअर शिरीष पटेल यांचं नाव जोडतो. पण १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून खाडीपलीकडच्या जुळ्या शहराचा प्रस्ताव मांडणारे तिघं होते. तिसरं नाव प्रवीणा मेहता. त्यांनी जे. जे. आणि शिकागो इथे शिक्षण घेतलेलं होतं. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, शहर उभं राहिलं, पण गप्पांमध्ये तिसरं नाव हळूच गळून गेलं.

हे काही आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत रॉबर्ट व्हेंच्युरी आणि डेनिस स्कॉट ब्राउन हे नवरा-बायको एकाच फर्मचे भागीदार. १९९१ चं प्रिट्झकर पारितोषिक मिळालं फक्त व्हेंच्युरींना. २०१३ मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थिनींनी अर्ज काढला की या पारितोषिकात स्कॉट ब्राउन यांचंही नाव घ्या. हजारो लोकांनी सह्या केल्या, खुद्द व्हेंच्युरींनीसुद्धा! परीक्षक मंडळाने नकार दिला. तरीही त्या धडपडीच्या आसपासच अमेरिकन संस्थेने आपला नियम बदलला आणि दोघांना मिळून सुवर्णपदक देता येईल असं ठरवलं. २०१६ चं पदक दोघांना एकत्र मिळालं. लक्षात घ्या, हे सुरू केलं ते आपल्यासारख्या विद्यार्थिनींनी.

मार्गदर्शन म्हणजे उपदेश नव्हे

‘मेंटॉर’ म्हटलं की आपल्याला व्यासपीठावरून ‘स्वप्नं मोठी बघा’ सांगणारे पाहुणे आठवतात. माझा अनुभव वेगळा आहे. सुट्टीतल्या ट्रेनिंगला एका साइटवर आम्ही दोन मुलगे आणि मी, असे तिघं होतो. मुलांना स्लॅबवर पाठवत आणि मला ऑफिसात बिलं तपासायला बसवत. ‘वर ऊन आहे, तुम्ही कशाला?’ हे कारण! दुसऱ्या आठवड्यात आर्किटेक्टच्या ऑफिसमधून एक मॅडम सळया तपासायला आल्या. त्या मला वर घेऊन गेल्या. त्यांनी प्रश्न विचारला की कॉन्ट्रॅक्टर उत्तर द्यायचा माझ्या वर्गमित्राकडे बघून. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “प्रश्न मी विचारलाय, उत्तर मला द्या.” मग टेप माझ्या हातात दिली. “बीमच्या रिंगा तू मोज आणि तूच सांग.” ड्रॉइंगमध्ये अंतर १५० मिमी, प्रत्यक्षात २०० च्या जवळ. मी सांगितलं. मॅडमनी तेच माझ्या नावासकट साइटच्या वहीत लिहिलं. रिंगा वाढवल्याशिवाय काँक्रीट पडलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी फिटर कव्हर ब्लॉक दाखवायला थेट माझ्याकडे आला.

त्यांनी मला एकही उपदेश केला नाही. टेप दिली, बोलायची पाळी दिली आणि वहीत नाव घातलं. मला वाटतं मार्गदर्शनाचा अर्थ एवढाच आहे.

हेच मोठ्या प्रमाणावर करणाऱ्या म्हणजे मुंबईच्या ब्रिंदा सोमाया. जे. जे. च्या विद्यार्थिनी. १९७० च्या दशकात बहिणीसोबत बागेतल्या एका छोट्या शेडमध्ये त्यांनी ऑफिस सुरू केलं. २००१ च्या भूकंपानंतर कच्छमधलं भादली गाव पुन्हा उभं करण्यात त्यांचा वाटा आहे. लुई कान यांनी बांधलेल्या अहमदाबादच्या आयआयएममधल्या विक्रम साराभाई ग्रंथालयाची त्यांच्या ऑफिसने दुरुस्ती केली आणि २०१९ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. पण २००० साली त्यांनी केलेली एक गोष्ट मला या सगळ्याइतकीच मोलाची वाटते. दक्षिण आशियातल्या स्त्री आर्किटेक्टना त्यांनी मुंबईत एका परिषदेसाठी एकत्र आणलं आणि त्या चर्चेचं पुस्तक काढलं. एकेकटीने केलेलं काम एका जागी दिसलं, की मागून येणाऱ्या मुलीला ‘मी पहिलीच नाही’ हे कळतं.

अडचण फक्त मनात नाही

सगळा दोष ‘मानसिकते’वर टाकून मोकळं होणं सोपं आहे. काही अडचणी अगदी विटा-सिमेंटच्या आहेत. साइटवर बायकांसाठी स्वच्छतागृह नसेल तर मुलगी दिवसभर पाणी न पिता काम करते आणि शेवटी ऑफिसचं काम मागून घेते. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्याने साइटवर शौचालयं आणि पन्नासहून जास्त स्त्री कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. प्रत्यक्षात काय दिसतं ते आपण साइट व्हिजिटला पाहतोच! २०१७ मध्ये बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली, पण तो कायदा होता दहा किंवा जास्त माणसांच्या आस्थापनांसाठी. पाच-सहा जणांच्या लहान आर्किटेक्ट ऑफिसात सगळं मालकाच्या मनावर. मग बाळंतपणानंतर परतलेल्या बाईला ‘हलकं’ म्हणून फक्त पडदे-फर्निचरची कामं मिळतात, साइट सुटते, आणि साइट सुटली की भागीदारीही दूर जाते.

मग आपण काय करायचं?

१. साइट व्हिजिटला टेप, लेव्हल आणि वही पाळीपाळीने सगळ्यांच्या हातात जाऊ द्या. ‘मुलींचं अक्षर छान’ म्हणून रिपोर्ट त्यांच्यावर ढकलू नका.

२. प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर कोणी काय केलं ते स्पष्ट लिहा. नाव गळण्याची सुरुवात तिथूनच होते.

३. ट्रेनिंगची जागा निवडताना पगाराबरोबर हेही विचारा, की साइटवर पाठवणार का, आणि तिथे सोय आहे का? मुलग्यांनीही विचारा.

४. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येकीने दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीला आपल्या ओळखीच्या साइटवर एकदा तरी घेऊन जावं. यासाठी ना फंड लागतो ना समिती.

पुढच्या वर्षी मी नोकरीच्या मुलाखतींना बसेन. ‘साइटवर काम जमेल का?’ हा प्रश्न मला विचारला जाणार, शेजारच्या मुलाला नाही, हे मला माहीत आहे. उत्तर तयार आहे. जमेल, आणि येताना आणखी एकीला घेऊन येईन!